पाठमोरा घाट

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एक अठ्ठावन्न वर्षांच्या बाई घाटमाथ्यावरून पोलादपूर तालुक्यातल्या आपल्या माहेरच्या गावी एका जुन्या पाऊलवाटेने उतरल्या. वाट उभ्या उताराची आहे. तिचा अवघड भाग त्या पाठमोऱ्या उतरल्या, म्हणजे तोंड डोंगराकडे आणि पाठ उताराकडे. त्या माझ्या घरमालकीण होत्या. मी सोबत होते.

त्यांच्या घरातली बाहेरची खोली चार वर्षं माझ्याकडे भाड्याने होती. इमारतीत सगळे त्यांना काकी म्हणत, मीही म्हणत असे. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डवर त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती. कानाला हेडफोन, समोर बटणं, पाठीमागे भिंत. त्या खोलीला खिडकी नव्हती, असं त्या सांगत. नोकरी संपली तरी कान तसाच राहिला. कुणी काही सांगू लागलं की काकी डोळे मिटून मान उजवीकडे कलती करत. भाजीवाल्याला वाटायचं बाईंना चक्कर येतेय. दाराची बेल वाजली की दार उघडून त्या ‘कोण?’ असं न विचारता ‘बोला’ म्हणत.

हाताने दाखवणं त्यांना मंजूर नव्हतं. मी राहायला गेले त्या दिवशी गिझरचं बटण कुठे आहे असं विचारलं, तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, ‘‘बाथरूमच्या दाराबाहेर, उजव्या हाताला, तुझ्या खांद्याच्या उंचीवर तीन बटणं आहेत. त्यातलं मधलं. लाल दिवा लागला पाहिजे.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दूध कुठे ठेवलंय असं विचारलं. मी म्हटलं, ‘‘तिथे ठेवलंय.’’

‘‘तिथे म्हणजे कुठे?’’

‘‘ते काय, तिथे.’’ मी बोट दाखवलं.

‘‘बोट नको दाखवू. सांग. समोरच्याला दिसत नसतं.’’

त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या आणि पातेलं त्यांना दिसत होतं.

‘समोरच्याला दिसत नसतं’ हे वाक्य त्या घरात मी रोज ऐकलं. रिक्षात बसल्या की ड्रायव्हरलाही तेच. ‘‘भैया, पहिला सिग्नल छोडने का, दुसरे सिग्नल के बाद मेडिकल आएगा, मेडिकल के बाजू में पिवळा गेट, गेट के आगे थांबने का.’’ ड्रायव्हर म्हणायचा, ‘‘मालूम है आंटी.’’ त्या म्हणायच्या, ‘‘मालूम है तो भी सुनो.’’

चालण्याची सुरुवात पतीच्या निधनानंतर झाली. काकांची स्कूटर होती. लग्नापासून काकी त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसत आल्या होत्या. ‘‘अख्खं मुलुंड मी एका बाजूनेच बघितलंय,’’ असं त्या म्हणत. काका गेल्यावर स्कूटर खाली कव्हर घालून उभी राहिली. काकींना ती चालवता येत नव्हती. बाजारात जायचं तर पायी. पहिल्या दिवशी स्टेशनपर्यंत जाऊन येताना त्या चार ठिकाणी टेकल्या. काका त्यांना चिडवायचे, की तुझ्याच्याने रिक्षा स्टँडपर्यंतही चालवणार नाही. ते खरं निघालं याचा राग आला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेल्या, एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं. पुढे मिठागरांच्या रस्त्याने संध्याकाळचं चालणं सुरू झालं, मग रविवारी मुलुंड पश्चिमेच्या मागच्या टेकड्या, आणि पंचावन्नाव्या वर्षी एका गिर्यारोहण गटाचं सभासदत्व.

गटाचे प्रमुख कांजूरमार्गला राहत. वय बावन्न, एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर, मूळ गाव बुलढाण्याकडे. सगळे त्यांना लीडर म्हणत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ते वर्षानुवर्षं दोर धरून गर्दी सांभाळत आले होते. त्या कामाला शिट्टी पुरते, बोलावं लागत नाही. डोंगरातही ते शिट्टी आणि हात यांवरच भागवत. सर्वांत हळू चालणाऱ्याला ते रांगेत शेवटी ठेवत नसत, स्वतःच्या मागे पहिला ठेवत. त्यामुळे सगळी रांग त्याच्या वेगाने चाले. काकी आल्यापासून ती जागा काकींची होती.

मागच्यांना हे आवडायचंच असं नाही. गटात घाटकोपरचा एक डेंटिस्ट होता, चाळिशीचा, मॅरेथॉन पळणारा. तो मागून ओरडायचा, ‘‘काकी, स्पीड! स्पीड!’’

‘‘तू दाढ काढताना पेशंट ओरडतो का रे स्पीड?’’

‘‘तो कसा ओरडणार? तोंडात माझा हात असतो!’’

‘‘मग ये इथे, तुझ्या तोंडात मी माझा हात घालते.’’

दम लागला तरी काकी ‘थांबा’ म्हणत नसत. त्या म्हणत, ‘‘होल्ड करा.’’ लीडर हात वर करत, रांग थांबे. श्वास जागेवर आला की, ‘‘हं, जोडते,’’ आणि त्या निघत.

त्यांना जायचं कुठे होतं ते गटात सगळ्यांना माहीत होतं. काकींचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी. त्यांची आई सुकट, आंबोशी आणि कोकमं डोक्यावर घेऊन घाटमाथ्यावरच्या बाजाराला चढून जायची आणि कांदे, मिरच्या घेऊन त्याच दिवशी उतरायची. लहानपणी काकी पायथ्याच्या ओढ्याशी तिची वाट बघत बसत. वर जायची परवानगी नव्हती. ‘मोठी झालीस की नेईन,’ असं आई म्हणे. पण वडील गिरणीत होते. काकी नऊ वर्षांच्या असताना सगळं बिऱ्हाड मुंबईला आलं, आणि ती वाट त्यांनी कधी चढून किंवा उतरून पाहिली नाही. आता गट घाटमाथ्यावरून पाच दिवस चालून सहाव्या दिवशी नेमका त्या बाजूला उतरणार होता.

अडचण गुडघ्यांची होती. दोन्ही झिजले होते, डावा जास्त. डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलं होतं आणि त्यानंतर डोंगर विसरा, असंही सांगितलं होतं. कांदिवलीला राहणारी त्यांची मुलगी दर रविवारी यायची आणि हा विषय काढायची.

‘‘आई, तारीख घेऊ का?’’

‘‘घे. पण फेब्रुवारीनंतरची घे.’’

‘‘आणि वाटेत पडलीस म्हणजे?’’

‘‘पडले तर दोन्ही गुडघ्यांचं एकदम होईल. तुझी एक खेप वाचेल बाय.’’

‘‘हसू नकोस. मी सीरियसली बोलतेय.’’

‘‘मी पण. एकदा त्या वाटेने माझ्या पायांनी उतरू दे. मग तू म्हणशील त्या दिवशी, म्हणशील त्या डॉक्टरकडे.’’

मुलीने मार्चची तारीख घेतली. म्हणजे काकींकडे तो एकच हिवाळा होता.

तयारी इमारतीत झाली. मुलुंड पूर्व सपाट आहे, चढायला जिनाच. इमारत सात मजल्यांची, जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. रोज सकाळी काकी गाऊन, त्यावर ओढणी, पायात डोंगरात घालायचे जड बूट आणि पाठीवर मुलीचं शाळेतलं दप्तर अशा निघत. दप्तरात तांदूळ. वजन वाढवायचं तर तांदूळ वाढवायचे. हे ‘सरावाचे तांदूळ’ महिनाअखेरीला भिजत पडत आणि त्यांचे घावणे होत. मीही ते खाल्ले आहेत. चांगले होत.

गच्चीपर्यंत चढून झालं की काकी लिफ्टच्या जाळीत तोंड घालून खाली वॉचमनला सांगत, ‘‘सातवर जोडून द्या!’’ लिफ्ट वर यायची, काकी तिच्यातून खाली यायच्या आणि पुन्हा चढायला लागायच्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की दुखत असेल तेव्हा जिना उतरू नका, उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. त्यातलं ‘दुखत असेल तेव्हा’ काकींनी सोडून दिलं आणि उरलेलं कायमचं पाळलं. तीन वर्षं त्या रोज जिना चढल्या आणि एकदाही उतरल्या नाहीत. इमारतीतल्या आणखी दोघी त्यांचं बघून तसंच करू लागल्या. चढायचं पायांनी, उतरायचं लिफ्टने. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

डिसेंबरात लीडरनी कर्जतजवळच्या एका किल्ल्यावर सगळ्यांची परीक्षा घेतली. काकी उत्तम चढल्या. डेंटिस्टने टाळ्या वाजवल्या. काकींनी बाटलीतून आणलेलं कोकमाचं आगळ पाण्यात घालून सगळ्यांना दिलं. आजवर गटासोबत त्या रुंद, सोप्या वाटांनीच काठी टेकत उतरल्या होत्या. इथे उतरायला लागल्यावर पहिल्याच घसाऱ्याला, म्हणजे सुट्या मुरमाच्या उताराला, त्यांचे पाय लटपटू लागले. गुडघे वाकताना शरीर तोलून धरायचं असतं, हे त्या पायांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या बसल्या आणि बसूनच घसरत उतरू लागल्या. पायथ्याला पोचेपर्यंत ऊन कलून गेलं होतं आणि त्यांच्या पँटची मागची बाजू फाटली होती. ओढणी कमरेला गुंडाळून त्या गाडीत चढल्या.

चहाला थांबलो तिथे लीडर त्यांच्यासमोर येऊन बसले.

‘‘ताई, रागावू नका. वर न्यायचं काम मी करीन. खाली आणायचं माझ्या हातात नाही.’’

‘‘म्हणजे नाही?’’

‘‘त्या वाटेवर ह्यापेक्षा वाईट घसारा आहे. आणि बाजूला दरी आहे. नाही.’’

काकींनी डोळे मिटून मान कलती केली. उत्तर पूर्ण ऐकून झाल्यावर डोळे उघडले.

‘‘मी महिन्याभराने फोन करते.’’

‘‘करा. उत्तर हेच राहील.’’

घरी आल्यावर काकी बूट न काढता खुर्चीत बसल्या. मी चहा विचारला. म्हणाल्या, ‘‘तीन वर्षं लिफ्टने उतरले गं. गुडघे वाचवत होते. कशासाठी वाचवत होते?’’

पुढच्याच आठवड्यात लिफ्ट बिघडली. काकी गच्चीवर होत्या. सातव्या मजल्यावरून त्यांनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा त्या पहिल्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या. एक पायरी उतरल्या, कळ आली, थांबल्या. मग कठडा दोन्ही हातांनी धरायला म्हणून त्या जिन्याकडे वळल्या आणि तशाच, माझ्याकडे पाठ करून, एक पाय मागे खाली टाकला. मग दुसरा. कळ आली नाही, असं त्या म्हणाल्या. आणखी दोन पायऱ्या उतरल्या आणि हसायला लागल्या.

‘‘माळ्यावरून आम्ही असंच उतरायचो की! शिडीकडे तोंड करून. शिडीवरून कोण समोर बघत उतरतं?’’

‘‘काकी, मागे वळण आहे.’’

‘‘वळण म्हणजे कसं? नीट सांग. मला दिसत नाहीये.’’

या वेळी खरंच दिसत नव्हतं. मी खाली उभी राहून सांगत गेले आणि सात मजले उतरून त्या वॉचमनच्या खुर्चीत बसल्या.

त्यानंतर रोज सकाळी त्या चढून पाठमोऱ्या उतरू लागल्या. मी कामाला जाण्याआधी खाली उभी राहून पायऱ्या सांगत असे. इमारतीत याची चर्चा झाली. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होते, काकी उलट्या खाली येत होत्या, आणि दोन पिशव्या फुटल्या. इमारतीतली मुलंही उलटी उतरू लागली. सेक्रेटरींनी तळमजल्यावरच्या फळ्यावर सूचना लावली : ‘रहिवाशांनी जिन्यात उलटे चालू नये.’

काकींनी सूचना वाचली आणि सेक्रेटरींच्या दाराची बेल वाजवली. ‘‘भाऊ, मी उलटी चालत नाही. मी सरळ चालते, फक्त तोंड तिकडे असतं.’’

‘‘काकी, तेच ते.’’

‘‘तेच ते नाही. आणि दुधाचं म्हणाल तर त्यांना मी चहा पाजलाय.’’

सूचना राहिली, काकीही राहिल्या.

जानेवारीत त्यांनी लीडरना घरी बोलावलं. रविवारी सकाळी ते आले. काकींनी भरलेलं दप्तर पाठीवर घेतलं, गच्चीवर गेल्या आणि त्यांच्या देखत पाठमोऱ्या खाली आल्या. मध्ये सेक्रेटरी दार उघडून बघून गेले.

‘‘जिन्याच्या पायऱ्या सारख्या असतात ताई,’’ लीडर म्हणाले. ‘‘डोंगराच्या नसतात.’’

‘‘म्हणून तर तुम्ही पाहिजे. तुम्ही खालून सांगायचं, मी पाय टाकायचा.’’

‘‘मला जास्त बोलता येत नाही.’’

‘‘शिकाल. मी बोर्डवर मुली तयार केल्यात. त्या तर नुसत्या लाजायच्या.’’

लीडर वाकून बुटांच्या नाड्या आवळू लागले. मग म्हणाले, ‘‘मागच्या टेकडीवर बघू. पण तिथे मला पटलं नाही तर विषय बंद.’’

पुढचे रविवार मुलुंडच्या मागच्या टेकडीवर गेले. पहिला दिवस वाईट होता. लीडर चार पावलं खाली जाऊन वर तोंड करून उभे राहत. दोघांची तोंडं डोंगराकडे, म्हणजे त्यांचं डावं ते काकींचंही डावं. हे सोयीचं होतं. बोलणं सोयीचं नव्हतं.

‘‘इकडे, ताई. नाही, तिकडे. थोडं असं.’’

काकी जागेवर थांबल्या. ‘‘साहेब, ‘असं’ म्हणजे कसं?’’

‘‘असं.’’ त्यांनी हात हलवला.

‘‘तुम्ही हात हलवलात ना आत्ता?’’

‘‘हो.’’

‘‘माझी पाठ आहे तुमच्याकडे. समोरच्याला दिसत नसतं. कुठला पाय, कुठल्या दिशेला, किती, आणि तिथे काय आहे. ह्या क्रमाने बोला. शेवटी ‘पक्का’ किंवा ‘कच्चा’ म्हणा. तुम्ही ‘पक्का’ म्हटल्याशिवाय मी भार टाकणार नाही.’’

लीडरनी घसा साफ केला. ‘‘डावा पाय. मागे. एक वीत खाली. दगड आहे. पक्का.’’

‘‘हं. आता कसं फोनवर बोलल्यासारखं बोललात.’’

टेकडीवर पहाटफेरीला आलेले लोक थांबून बघत. एकाने व्हिडिओ काढला. काकींनी त्यालाही सांगितलं, की काढायचा तर काढ, पण बाजूला उभा राहून काढ, माझ्या पायाखाली नको.

चौथ्या रविवारी उतरून झाल्यावर लीडर म्हणाले, ‘‘बरं. या.’’ काकींनी मुलीला तिथूनच फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘‘जोडलं बाय.’’

मी रजा घेऊन सोबत गेले. पाच दिवस घाटमाथ्यावरून चालायचं होतं. रात्री शाळेची पडवी नाहीतर देऊळ. पहिल्या दिवशी काकींच्या दोन्ही टाचांना फोड आले. दुसऱ्या रात्री त्यांना झोप लागली नाही. प्रेशरची गोळी, गुडघ्यांचे पट्टे, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आडोसा शोधणं, हे सगळं त्या कुणाला न सांगता उरकत. रांग त्यांच्या वेगाने चालत होती आणि त्यांना ते दर पावलाला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका पाण्याच्या टाक्याशी बसलेल्या असताना त्या रडल्या. बाकीचे जेवत होते. मी शेजारी होते.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. बोर्डवर बरं होतं गं. नुसता आवाज असायचा. कुणाला कळायचं नाही मी जाडी की बारीक, तरणी की म्हातारी, बसलेय की लवंडलेय. इथे सगळ्यांना दिसतं.’’ ओढणीने नाक पुसलं. ‘‘मी एवढ्या माणसांना अडवून ठेवलंय. परत जायचं तर कुठून जाता येतं विचार त्यांना.’’

मी लीडरना विचारायला उठले. डेंटिस्टने ते ऐकलं असावं. तो ताट घेऊन उठला आणि काकींच्या समोर येऊन उकिडवा बसला.

‘‘काकी, ओझं द्या तुमचं.’’

‘‘नाही देणार.’’

‘‘मग पाणी द्या. ओझं तुमचं, पाणी माझं.’’

‘‘कशाला? तुला स्पीड कमी पडेल.’’

‘‘मला कालपासून पहिल्यांदा डोंगर दिसतोय. एरवी मी फक्त पुढच्याचे बूट बघतो. द्या ना यार काकी.’’

काकींनी डोळे मिटून ते ऐकलं. मग दोन्ही बाटल्या काढून त्याच्याकडे दिल्या. परतीची वाट विचारायची राहिली.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही घाटाच्या तोंडाशी पोचलो. तिथे दोन शेंदूर लावलेले दगड आहेत. काकींनी त्यांच्यापुढे चिमूटभर सुकट ठेवली, पुडीत बांधून मुलुंडहून आणलेली. आई इथे टेकून मग बाजारात जायची, हे त्यांना आजीकडून ठाऊक होतं. सुरुवातीची झाडीतली वाट त्या समोर तोंड करून, काठी टेकत उतरल्या. झाडी संपली तिथे घसारा सुरू झाला. उजवीकडे दरी. लीडरनी हात वर केला, मग आठवण होऊन तोंडाने म्हणाले, ‘‘सगळ्यांनी थांबा. ताई, आता वळा.’’

काकी वळल्या. त्यांच्या कमरेला दोर बांधला होता आणि वरचं टोक डेंटिस्टकडे होतं. मी त्याच्या मागे होते. त्यामुळे सगळी उतरण काकींचा चेहरा माझ्यासमोर होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

‘‘उजवा पाय. मागे. वीतभर खाली. मुरूम आहे. कच्चा. थांबा. थोडा डावीकडे घ्या, चार बोटं. हं. दगड. पक्का.’’

पाय गेला.

‘‘डावा पाय. मागे. दोन वीत खाली. मूळ आहे. पक्का.’’

पाय गेला. असं बराच वेळ चाललं. मध्यावर एक दगड, ज्याला लीडर पक्का म्हणाले होते, तो निघाला. काकींचा डावा पाय हातभर घसरला. डेंटिस्टने दोर ताणला. दगड खाली जाताना बराच वेळ ऐकू येत राहिला.

‘‘चुकलं,’’ लीडर म्हणाले. ‘‘ताई, माझं चुकलं. मी—’’

‘‘साहेब.’’ काकींचा आवाज अगदी साधा होता, बोर्डवरचा. डोळे मिटलेलेच. ‘‘लाइन चालू आहे. पुढचं सांगा.’’

मग खालून आवाज आला. ‘‘डावा पाय वर घ्या. वीतभर. दुसरा दगड आहे. पक्का. मी हात लावून बघितलाय.’’

त्यानंतर लीडर प्रत्येक दगड आधी हाताने हलवून बघू लागले. वेळ दुप्पट लागला. मागच्या कुणीही स्पीड म्हटलं नाही. लीडरचा घसा बसत चालला तसा डेंटिस्टने काकींची कोकमाची बाटली दुसऱ्या दोराला बांधून खाली सोडली.

घसारा संपल्यावर वाट सोपी झाली. लीडर म्हणाले, ‘‘ताई, आता समोर तोंड केलं तरी चालेल.’’ काकी म्हणाल्या, ‘‘नको. एवढी आले तर अशीच येते.’’ आता त्यांनी डोळे उघडले होते. उतरत होत्या त्या, पण वर बघत होत्या. एकदा म्हणाल्या, ‘‘चढताना आईला हे असं दिसत असणार.’’

शेवटचा पाय कोरड्या ओढ्यातल्या वाळूत पडला. लीडर म्हणाले, आणि आवाज जेमतेम फुटत होता, ‘‘उजवा पाय. मागे. वाळू आहे. संपलं. ताई, वळा.’’

काकी वळल्या नाहीत. त्या ओढ्यात, डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही एकेक जण त्याच वाटेने उतरून त्यांच्या बाजूने पुढे गेलो. मी सगळ्यात शेवटी आले.

‘‘काकी, चला.’’

‘‘होल्ड कर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी इथेच बसायचे. इथून आई उतरताना दिसायची.’’

त्या बघत राहिल्या. मग वळल्या आणि गावाच्या दिशेने चालू लागल्या.

मार्चमध्ये, ठरलेल्या तारखेला, त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलीने त्यांना काही महिने कांदिवलीला नेलं. जूनमध्ये मी मुलुंडची खोली सोडून बोरिवलीला आले. काकी जुलैअखेर आपल्या घरी परतल्या. फळ्यावरची सूचना तेव्हाही तशीच होती, असं वॉचमनने सांगितलं. डोंगरात जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. जिना उतरायला केलेली नाही, आणि या वेळी डॉक्टरांचं वाक्य मुलीने पूर्ण ऐकून घेतलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी काकी पहिल्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत समोर तोंड करून, कठडा धरून, जिन्याने उतरल्या. मी तिथे नव्हते. माहिती मुलीची आहे. डेंटिस्टनेही तसंच सांगितलं. खाली लीडर उभे होते. काकींना पायऱ्या दिसत होत्या. लीडर प्रत्येक पायरी सांगत होते.